ड्रोनवाल्या डिफेन्स स्टार्टअपचं जॉबवर्क घ्यावं का? (कुपवाड एमआयडीसी)

कुपवाडचा_मशीनवाला

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं शेड आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीन), एक सीएनसी टर्निंग (तशीच कॉम्प्युटरवरची लेथ), आणि वडिलांच्या वेळची एक लेथ, जी ते कुणाला विकू देत नाहीत. काम बहुतेक पंपाचं, म्हणजे बेअरिंग हाउसिंग, कपलिंग, ब्रॅकेट. किर्लोस्करवाडी जवळ असल्यामुळं आमच्या पट्ट्यात पंपाचं काम कुणाला शिकवावं लागत नाही. बिल उशिरा येतं, पण येतं.

माझा भाचा वालचंदमधून मेकॅनिकल करून पुण्यात एका डिफेन्स स्टार्टअपला लागलाय. सैन्यासाठी टेहळणीचे ड्रोन बनवतात. त्यांचा आधीचा व्हेंडर वेळेवर माल देईना म्हणून त्यानं माझं नाव सुचवलं. ड्रोनचा हात घडी होतो, त्याची बिजागरी आणि मोटर माउंट असा जॉब आहे. मटेरियल ७०७५ टी६, म्हणजे मजबूत जातीचं अॅल्युमिनियम. पहिला लॉट ५० सेट. "ट्रायल पास झाली की हजारात जाईल मामा," असं भाचा म्हणतो.

सॅम्पल करून दिलंय. बिजागरीला एका बाजूची भिंत १.२ मिलिमीटर आहे. व्हाइसमध्ये असताना माप तंतोतंत, व्हाइस सोडला की भिंत पोट काढते. शेवटी रफिंग करून जॉब मोकळा केला, ताण निघू दिला, आणि मग सॉफ्ट जॉमध्ये, म्हणजे व्हाइसच्या मऊ जबड्यात, अलगद धरून फिनिश मारला, तेव्हा बसलं. त्यांचा क्वालिटीचा पोरगा बघायला आला, तर त्यानं मायक्रोमीटरच्या आधी वजनकाटा काढला. तीन ग्रॅम जास्त भरले म्हणून आतून आणखी एक पॉकेट मारायला लावला. पंपाच्या कामात तीन ग्रॅमची बर (कडेला राहिलेला धातूचा कीस) राहिली तर कुणी ढुंकून बघत नाही!

काम आवडलं, हे खरं. पण अटी अशा : ६० दिवसांचं क्रेडिट, प्रत्येक नगाला मटेरियलचं सर्टिफिकेट, गोपनीयतेचा करार, आणि मालक म्हणतात की वाटल्यास पहिल्या बिलातली काही रक्कम शेअरमध्ये घ्या.

ऑपरेशन सिंदूर झाल्यापासून ज्याच्या त्याच्या तोंडी ड्रोन आहे. शेअर बाजारातला मित्र म्हणतो सोनं आहे, सोडू नको. चुलते म्हणतात सरकारी काम अन् सहा महिने थांब. वडील माळकरी, त्यांचा सवाल तिसराच : "ह्यानं माणूस मरतो का रे?" आतली माहिती असणाऱ्यांनी सांगा. हे टिकणारं आहे की चार दिवसांची हवा?

मिरज_सर्किट

दादा, मी ड्रोन उघडून बघतो, माझा धंदाच दुरुस्तीचा आहे. ऊस-द्राक्षावर औषध मारणारे येतात बहुतेक. वरून देशी, आत उघडलं की मोटर चीनची, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) चीनचा, बॅटरीतले सेल चीनचे. २०२२च्या फेब्रुवारीत सरकारनं तयार ड्रोन आयात करायला बंदी घातली, सुट्या भागांना नाही. मग काय, सुटे भाग आणायचे, इथं जोडायचे आणि वर तिरंग्याचा स्टिकर.

सैन्यात हे चालत नाही आता. २०२५च्या फेब्रुवारीत चिनी भागांच्या कारणावरून लष्करानं ४०० ड्रोनच्या ऑर्डरी रद्द केल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीननं रेअर अर्थ मॅग्नेटच्या, म्हणजे दुर्मिळ धातूंच्या चुंबकांच्या, निर्यातीवर निर्बंध आणले. ड्रोनच्या ब्रशलेस मोटरमध्ये मॅग्नेटच नसेल तर तुमच्या माउंटवर बसवणार काय? भाच्याला एवढंच विचारा की मोटर कुणाची आहे.

कोयनाकाठ

मी कराडची, तिथल्याच गव्हर्न्मेंट इंजिनिअरिंगची. सध्या पुण्यात अशाच एका कंपनीत खरेदी बघते. तुमच्या भाच्याची कंपनी नव्हे, हे आधीच सांगते. तुमच्यासारख्यांना "साठ दिवस" सांगणारी आमच्याकडं मीच असते, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते ऐका.

चुलत्यांनी सहा महिने म्हणजे फारच कमी सांगितले. तेजस विमानाला मंजुरी १९८३ची, पहिलं उड्डाण जानेवारी २००१चं, आणि हवाई दलात स्क्वाड्रन उभी राहिली २०१६ला. त्यात कुणी झोपलं होतं असं मी म्हणणार नाही, लढाऊ विमान हे कामच तसलं. पण तीच पद्धत ड्रोनला लावली की गाडी बिघडते. युक्रेनमध्ये बघा. एकानं ड्रोनची फ्रिक्वेन्सी जॅम केली की दुसरा फ्रिक्वेन्सी बदलतो. तीही जॅम झाली, तर ड्रोनच्या मागं किलोमीटरच्या किलोमीटर बारीक ऑप्टिकल फायबर सोडत उडवतात, म्हणजे जॅम करायला रेडिओच उरत नाही. हे सगळं काही महिन्यांत, कधी काही आठवड्यांत बदलतं. तिथला एफपीव्ही ड्रोन (कॅमेऱ्यातून बघत उडवतात तो) काहीशे डॉलरमध्ये तयार होतो आणि कोट्यवधींचा रणगाडा निकामी करतो. अशा वस्तूसाठी दहा वर्षं कागद फिरवले तर हातात येईपर्यंत ती जुन्या बाजारात विकायच्या लायकीची झालेली असते.

इथंच स्टार्टअपला जागा मिळाली. एप्रिल २०१८ला चेन्नईच्या डिफेन्स एक्स्पोत आयडेक्स ही संरक्षण खात्याची योजना सुरू झाली. त्यात सैन्य आपली अडचण मांडतं : अमक्या उंचीवर, इतक्या वाऱ्यात, एवढं वजन घेऊन जाणारं काहीतरी पाहिजे. ते कसं बनवायचं हे मात्र सांगत नाही. निवडलेल्या कंपनीला नमुना बनवायला दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं, पण तेवढाच वाटा कंपनीला आपल्या खिशातून घालावा लागतो. आयडेक्स प्राइममध्ये ही मर्यादा १० कोटी, आणि २०२४ला आलेल्या अदिती योजनेत २५ कोटी. पैसे एकरकमी येत नाहीत, टप्पा पुरा होईल तसे सुटतात.

इथपर्यंत सगळं छान आहे, फोटो निघतात, पेपरात येतं. खरी गोची पुढं आहे. नमुना चालला म्हणजे ऑर्डर मिळाली असं नाही. बऱ्याच खरेदीत आधी 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' ट्रायल असते, म्हणजे माल तुमचा, माणसं तुमची, प्रवास तुमचा, आणि पास झालात तरी घेऊच असं वचन नाही. एकदा वाळवंटात, एकदा बर्फात, मध्ये लॅबमध्ये धूळ, कंपन, खारी हवा, रेडिओचा अडथळा. हे चालू असताना कंपनीत पगार चालू, भाडं चालू, येणं शून्य. ह्याच काळात माझ्यासारखी बाई व्हेंडरशी फार गोड बोलते, समजून घ्या.

उदाहरण आपल्या नवी मुंबईचंच घ्या. आयडियाफोर्ज २००७ साली आयआयटी मुंबईच्या पोरांनी काढली. लष्कराची मोठी ऑर्डर, साधारण दोन कोटी डॉलरची, आली जानेवारी २०२१मध्ये. २०२३ला शेअर बाजारात उतरली, ६७२चा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या आसपास गेला. २०२३-२४ला विक्री ३१४ कोटी. पुढच्या वर्षी ती जवळजवळ निम्मी झाली, नफ्याच्या जागी तोटा आला आणि शेअर ६७२च्याही खाली गेला. ड्रोन वाईट होता म्हणून हे झालं नाही. गिऱ्हाईक एकच आहे, आणि तो एका वर्षी पोतंभर घेतो, दुसऱ्या वर्षी मूठभर.

अमेरिकेत असल्या कंपन्यांच्या मागं प्रचंड भांडवल असतं. अँड्युरिल २०१७ची, आधी स्वतःच्या पैशानं वस्तू बनवते आणि मग सरकारला विकायला जाते. पॅलँटिरनं तर २०१६ला खरेदीच्या पद्धतीवरून अमेरिकी लष्करालाच कोर्टात खेचलं, आणि जिंकलीही. आपल्याकडं असलं धाडस कोण करणार! इथं तगून राहायचं असेल तर जुन्या कारखान्याचा हात धरलेला बरा. नागपूरचं नागास्त्र-१, म्हणजे लक्ष्यावर जाऊन आदळणारं ड्रोन, तसंच झालं. खाणींना स्फोटकं पुरवणाऱ्या सोलर इंडस्ट्रीजच्या उपकंपनीनं बंगळूरच्या झेड-मोशन ह्या छोट्या कंपनीबरोबर ते तयार केलं. ४८० नगांची ऑर्डर, त्यातले पहिले १२० जून २०२४ला लष्कराला दिले. बारुद आणि कारखाना एकाचा, उडवण्याची अक्कल दुसऱ्याची.

म्हणून भाच्याला "हजार कधी" असं विचारू नका. ऑर्डर हातात आहे, की ट्रायल बाकी आहे? बाकी असेल तर कितवी? आणि मोटरचं मिरजकरांनी विचारलंय ते बरोबर आहे, तेही विचाराच.

शेअर घेऊ नका. मी तिथं नोकरी करते आणि पगार रोख घेते, एवढ्यात समजून जा. रेट लावताना फिक्स्चरचे पैसे वेगळे लावा. मटेरियलचे आगाऊ घ्या, ७०७५ काही पंपाच्या बिडासारखं स्वस्त नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्रॉइंग बदललं की रेट बदलला, हे पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहून घ्या. रिव्हिजन ए, बी, सी... आमच्याकडं बाराखडी फार लवकर संपते. दर ट्रायलनंतर काहीतरी बदलतं, आणि मशीनवर चढलेला जॉब स्क्रॅप होतो तो तुमचा.

राहिला वडिलांचा प्रश्न, तो टाळत नाही. नागास्त्र हे शस्त्र आहे, सरळ जाऊन आदळतं. लक्ष्य मिळालं नाही तर पॅराशूटनं परत उतरवता येतं, पण आहे ते मारण्यासाठीच. टेहळणीचा ड्रोन स्वतः मारत नाही, तोफेला निशाण दाखवतो. आपल्या पोरांना पुढं धोका आहे हेही तोच दाखवतो. वडिलांना दोन्ही सांगा, अर्धं सांगू नका. माझ्याही घरी माळ आहे, हा विषय माझ्या आईशी अजून चालूच आहे.

अपशिंगे_ईएमई

राम राम. आमच्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे, त्यामुळं घरटी कुणी ना कुणी फौजेत. मी ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागातून, सुभेदार म्हणून निवृत्त. यंत्रं दुरुस्त करणं हेच आयुष्यभर केलं.

ताईंनी दिल्लीकडचं सांगितलं, मी चौकीवरचं सांगतो. पूर्वी एखादा सेट बिघडला की आम्ही रिपोर्ट लिहायचो, तो वर जायचा, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत आमची पलटण तिथून हललेली असायची. शेवटच्या पोस्टिंगला ही स्टार्टअपची पोरं बघितली. पंचविशीतली, दम लागलेला, ओठ फुटलेले, पण बंकरमध्ये बसून जवानाला विचारत होती की तुला हे वापरताना कुठं अडतं. रात्री लॅपटॉपवर बदल करून सकाळी परत उडवत होती. हे मी नोकरीत आधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मते खरा बदल तो आहे, ड्रोन ही त्याच्या मागून आलेली गोष्ट.

आता तुमच्या बिजागरीबद्दल. १५ हजार फुटांवर हवा पातळ, पंख्याला धर मिळत नाही, म्हणून तो पोरगा तीन ग्रॅमसाठी भांडतो. थंडीत बॅटरी अर्ध्यावर मान टाकते, म्हणून पुन्हा वजन. ते बरोबरच आहे. पण जवानाच्या हातात जाड हातमोजे असतात. ड्रोनचा हात उघडून जी खिटी बसवायची ती जर नखानं ओढायची असेल, तर तो मोजा काढणार, आणि उणे वीसला उघड्या बोटानं अॅल्युमिनियम धरणार. एकदा धरलं की पुन्हा तो ड्रोन पेटीबाहेर काढायला कुणी राजी नसतं. तुमच्या ड्रॉइंगमध्ये ती खिटी कशी आहे? बारीक असेल तर त्यांना सांगा. वजन दुसरीकडून काढा म्हणावं.

माझी काळजी वेगळीच. फौज एखादी वस्तू पंधरा-वीस वर्षं वापरते. ही कंपनी तीन वर्षांत बंद पडली तर सुटे भाग कोण देणार? आम्ही लोकांनी जुन्या गाड्यांचे पार्ट स्वतः खरादून चालवलेत. ड्रोनच्या आतल्या प्रोग्रामचं तसं करता येत नाही.

गणपती_पेठ_सीए

फक्त पैशाचं सांगतो. ६० दिवस हा आकडा कायद्यातच बसत नाही. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असाल, तर २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. लेखी करार नसेल तर १५. पुढं उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीनं. शिवाय आयकरात ४३बी(एच) आल्यापासून वेळेत न दिलेलं बिल त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, म्हणून मार्च जवळ आला की कंपन्या स्वतःहून फोन करतात. उद्यम काढलं नसेल तर पहिलं बिल फाडायच्या आधी काढा, फुकट आहे.

हे सगळं कागदावर भक्कम आहे. पण ज्याच्या खात्यात पैसेच नाहीत त्याच्याकडून व्याज तरी कसं वसूल करणार? तेव्हा ताई म्हणतात तसा अॅडव्हान्सच खरा. आणि शेअर देतो म्हणतात ते कुठल्या भावानं, हे विचारलंत का? बाजारात नसलेल्या कंपनीचा शेअर उद्या विकायला गेलात तर घेणारा तोच मालक.

कुपवाडचा_मशीनवाला

मंडळी, आभार. भाच्याला फोन केला. एक ट्रायल झालीय, उंचावरची बाकी आहे, ऑर्डर हातात नाही. मोटर सध्या बाहेरची, देशी मोटरवर काम चालू आहे म्हणाला. बोलताना आवाज जरा खाली गेला पोराचा, पण खोटं बोलला नाही.

५० सेट करतोय. मटेरियलचे पैसे आगाऊ मागितले, मालक कुरकुरले पण कबूल झाले. ४५ दिवस पीओवर लिहून मागितलेत. रिव्हिजनचं कलम मात्र काही केल्या घालायला तयार नाहीत, त्यावर अजून ओढाताण चालू आहे. शेअरला नको म्हटलं. पंपाच्या एका मशीनलाही ह्यासाठी हात लावणार नाही. दुसरी व्हीएमसी दुपारनंतर रिकामीच असते, तिच्यावर करणार.

सुभेदार साहेब, तुमचं खिटीचं त्यांच्या डिझाइनच्या मुलीला सांगितलं. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली की हातमोजे घालून आम्ही कधी उघडूनच पाहिलं नाही. आता खिटीच्या डोक्याला कडी घालायचं चाललंय, म्हणजे बी रिव्हिजन आलीच.

वडिलांना दोन्ही बाजू सांगितल्या. ते काही बोलले नाहीत, पण लेथवर पिनचं टर्निंग मीच करतो म्हणाले.

कोयनाकाठ ताई, एक विचारायचं राहिलं. ड्रॉइंगवर हार्ड अॅनोडायझिंग (अॅल्युमिनियमवर चढवायचा कडक थर) ५० मायक्रॉन लिहिलंय. पिनचं भोक मी फायनल मापाला रीम करून (रीमर फिरवून नेमक्या मापाला आणून) ठेवू की मागं ठेवू?

कोयनाकाठ

मोठं ठेवा. हार्ड अॅनोडायझिंगचा थर साधारण अर्धा धातूच्या आत जातो आणि अर्धा वर चढतो. म्हणजे ५० मायक्रॉनला प्रत्येक बाजूनं २५ चढणार, आणि भोकाचा व्यास सगळा मिळून ५० मायक्रॉननं आवळणार. फायनल मापाला रीम केलंत तर पिन शिरणार नाही, आणि वर पुन्हा रीमर घातलात तर थरच निघून जाईल. पण त्यांना लेखी विचारा की ड्रॉइंगवरचं माप अॅनोडायझिंगच्या आधीचं आहे की नंतरचं. ते निम्म्या ड्रॉइंगवर लिहायचं राहूनच जातं, आमच्याही. भोसरीत करून देणारे बरेच आहेत. पहिल्यांदा चार नग पाठवा, थराच्या जाडीचा रिपोर्ट मागा, आणि पिन घालून बघितल्याशिवाय बाकीचे ४६ पाठवू नका.

रिव्हिजनच्या कलमावर मागं हटू नका. मी त्यांच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, आणि तुम्ही माल अडवल्यावर तिसऱ्या दिवशी सही केली असती.